चौकोनी ठोकळ्यांचं वळणदार जहाज

शिडाचं जुनं जहाज नीट पाहिलं तर त्यात काटकोन जवळजवळ सापडत नाही. नाळ पुढे निमुळती होत वर चढते. पोट दोन्ही बाजूंना फुगतं आणि वर येताना पुन्हा आत झुकतं. डेकसुद्धा सपाट नसतो, मध्यभागी खाली असतो आणि दोन्ही टोकांना उचललेला. त्या जहाजाला विळखा घालणारा समुद्रदैत्य तर आणखी अवघड. त्याच्या अंगात हाडच नाही, त्यामुळे कुठेही सरळ रेष नाही.

आता लेगोचा एक ठोकळा हातात घ्या. सगळ्या बाजू सपाट, सगळे कोपरे काटकोनाचे, वर ओळीने बसवलेल्या गोल घुंड्या. घरात लहान मूल असेल तर असे शे-दोनशे ठोकळे डब्यात पडलेले असतात आणि त्यांची भिंत, घर, ट्रक सहज होतो. पण याच ठोकळ्यांतून जगभरचे हौशी लोक फुगलेल्या शिडांची जहाजं, उसळत्या लाटा आणि डोलकाठीला वेढे घालणारे दैत्य उभे करतात. काटकोनातून वळण येतं कुठून?

याचं उत्तर मला फार सुंदर वाटतं. ठोकळा वाकत नाही, वितळत नाही, त्याला कापावंही लागत नाही. वळण येतं ते त्याच्या मापांतून. ही मापं इतकी काटेकोर आहेत की ठोकळा कुठल्याही दिशेला वळवून लावला तरी त्याचा हिशेब जुळतो.

पकड कुठून येते?

डेन्मार्कमधल्या जटलँड द्वीपकल्पावर बिलुंड नावाचं लेगोचं गाव आहे. तिथे ओले कर्क क्रिस्टियान्सेन या सुताराने १९३२ मध्ये लाकडी खेळणी करायला सुरुवात केली. प्लास्टिकचे ठोकळे आले १९४९ मध्ये. त्यांची मूळ कल्पना हिलरी फिशर पेज या इंग्रज खेळणीकाराच्या ठोकळ्यांवरून घेतलेली होती. लेगोचे हे पहिले ठोकळे आतून पूर्ण पोकळ होते. एकावर एक बसायचे, पण धरून राहायचे नाहीत. थोडं उंच काही बांधलं आणि उचललं की सगळं निखळायचं.

हा प्रश्न सुटला २८ जानेवारी १९५८ रोजी. ओले यांचा मुलगा गॉडफ्रेड याने त्या दिवशी ठोकळ्याच्या पोटात नळ्या बसवण्याच्या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. दोन ओळी घुंड्या असलेला ठोकळा उलटा करून पाहिलात तर त्या पोकळ गोल नळ्या दिसतील. त्यांचं काम कळायला थोडा हिशेब करू.

दोन शेजारच्या घुंड्यांच्या केंद्रांमध्ये ८ मिलिमीटर अंतर असतं आणि घुंडीचा व्यास ४.८ मिलिमीटर. चार घुंड्यांचा एक चौरस घेतला तर त्याच्या कर्णाची लांबी सुमारे ११.३१ मिलिमीटर भरते. त्यातून एका घुंडीची जाडी वजा केली की उरतात ६.५१ मिलिमीटर. चार घुंड्यांच्या मधोमध बरोबर एवढ्याच व्यासाची नळी मावते आणि नळीची बाहेरची कड चारही घुंड्यांना टेकते. घुंडीच्या एका अंगाला ठोकळ्याची भिंत, दुसऱ्या अंगाला नळी, अशी ती चिमटीत सापडते.

टेकणं आणि धरणं यांत मात्र फरक आहे. स्टीलच्या डब्याचं घट्ट झाकण आठवा. ते बसवताना पत्रा अगदी किंचित ताणला जातो आणि पूर्ववत व्हायच्या धडपडीत डब्याची कड दाबून धरतो. ठोकळ्याचंही तेच होतं. बसवताना प्लास्टिक केसाच्या जाडीहूनही कमी अंतराने सरकतं आणि परत येण्यासाठी घुंडीवर दाब देत राहतं. त्या दाबातून घर्षण येतं आणि घर्षणातून पकड. त्यासाठी प्लास्टिक कडक हवं, पण ठिसूळ नको. १९६३ पासून एबीएस नावाचं प्लास्टिक वापरलं जातं, ते याच गुणामुळे. साध्या भाषेत सांगायचं तर कडकपणा देणारा एक घटक, रबरासारखी लवचीकता देणारा दुसरा आणि चकाकी देणारा तिसरा, अशा तिघांचं ते मिश्रण आहे.

साच्यांत फरक राहू नये म्हणून इतकी काळजी घेतली जाते की १९५८ चा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो. खेळण्याच्या दुनियेत एवढ्या सातत्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

पाच पट्ट्या म्हणजे दोन घुंड्या

जहाज बांधण्याचं खरं गुपित उंचीत आहे. पूर्ण ठोकळा ९.६ मिलिमीटर उंच असतो, घुंडी सोडून. पातळ पट्टी त्याच्या एक तृतीयांश, म्हणजे ३.२ मिलिमीटर. तीन पट्ट्यांचा एक ठोकळा हे लहान मुलांनाही हाताळताना कळतं. पाच पट्ट्या एकावर एक ठेवल्या तर मात्र काहीतरी विशेष घडतं. उंची होते १६ मिलिमीटर, आणि दोन घुंड्यांचं आडवं अंतरही १६ मिलिमीटरच असतं.

याचा अर्थ असा की पाच पट्ट्यांचा गठ्ठा आडवा पाडून दोन घुंड्यांच्या रुंदीच्या खाचेत सरकवला तर तो नेमका बसतो. उभं माप आणि आडवं माप एका ठिकाणी गाठ घेतात. बाजूला घुंडी असलेले ठोकळे आणि काटकोनात वळलेल्या कोन्या वापरून बांधकामाची दिशाच बदलता येते: वरच्या दिशेने चाललेलं बांधकाम बाहेरच्या, पुढच्या किंवा खालच्या दिशेने सुरू होतं. अनुभवी माणसाचं जहाज आणि नवख्याचं जहाज यांतला फरक बहुतेक वेळा इथेच दिसतो. नवखा फक्त खालून वर रचत जातो, त्यामुळे त्याच्या जहाजाला पायऱ्या पडतात. अनुभवी माणूस जहाजाची बाजू आडवी रचतो. मग उतरते आणि गोल पाठीचे तुकडे बाहेर तोंड करून बसतात आणि फुगीर पोट गुळगुळीत दिसतं.

चौकट: बांधताना हाताशी ठेवायची मापं
घुंडी ते घुंडी अंतर: ८ मि.मी.
घुंडीचा व्यास: ४.८ मि.मी.
पूर्ण ठोकळ्याची उंची: ९.६ मि.मी.
पट्टीची उंची: ३.२ मि.मी.
३ पट्ट्या = १ ठोकळा
५ पट्ट्या = २ घुंड्यांची रुंदी
संचातल्या छोट्या खेळण्यातल्या माणसाची उंची: सुमारे ४ सें.मी.

इतक्या थोड्या नियमांतून शक्यता किती निघतात याचाही हिशेब झालेला आहे. कोपनहेगन विद्यापीठातले गणितज्ञ सोरेन आयलर्स यांनी संगणकाच्या मदतीने दाखवलं, की आठ घुंड्यांचे एकाच रंगाचे फक्त सहा ठोकळे ९१,५१,०३,७६५ प्रकारे जोडता येतात. सहाच ठोकळे! जहाजाला हजारो लागतात.

पोट फुगवण्याच्या तीन रीती

लाकडी जहाज बांधताना आधी कणा टाकतात, कण्यावर बरगड्या उभ्या करतात आणि बरगड्यांवर फळ्या ठोकतात. ठोकळ्यांच्या जहाजाला तीन वाटा आहेत.

पहिली सगळ्यांत सोपी. लेगोने १९८९ मध्ये समुद्री चाच्यांची मालिका आणली, तेव्हा ‘ब्लॅक सीज बाराकुडा’ या जहाजासाठी नाळ, मधला भाग आणि पिछाडी असे मोठे तयार तुकडे साच्यातून काढले. ते जोडले की पोट तयार. (ठोकळ्यांच्या छोट्या माणसांना हसऱ्या चेहऱ्याखेरीज इतर भाव, आकड्याचा हात आणि लाकडी पाय याच मालिकेत पहिल्यांदा मिळाले.) या रीतीचा तोटा उघड आहे. आकार ठरलेला असतो. मधले तुकडे वाढवून जहाज लांब करता येतं, पण त्याची जात बदलता येत नाही.

दुसरी वाट रचण्याची. थरावर थर देत, प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा बाहेर काढत जायचं. पायऱ्या दिसू नयेत म्हणून कडेला उलटे उतरते ठोकळे लावायचे. थर पूर्ण घुंडीएवढा बाहेर काढला तर उडी मोठी दिसते. म्हणून मधोमध एकच घुंडी असलेली पट्टी वापरतात, तिच्यामुळे वरचा थर अर्ध्या घुंडीने, म्हणजे ४ मिलिमीटरने सरकतो. ही पद्धत भक्कम असते, पण ठोकळे खूप खाते.

तिसरी वाट मला सगळ्यांत आवडते, कारण ती खऱ्या जहाजबांधणीच्या सर्वांत जवळ जाते. आत कणा आणि बरगड्यांचा सांगाडा करायचा, आणि बाजूच्या फळ्या वेगळ्या बांधून बिजागरीने त्यावर टांगायच्या. बिजागरीमुळे बाजू हव्या त्या कोनात झुकते. प्रश्न येतो तो फळीच्या दुसऱ्या टोकाचा. पहिलं टोक घुंडीवर पक्कं आहे, बाजू तिरपी केली, आता दुसरं टोक कुठे टेकणार? बहुतेक कोनांत ते दोन घुंड्यांच्या मध्ये लोंबकळत राहतं.

इथे शाळेतला पायथागोरस मदतीला येतो. काटकोन त्रिकोणाच्या तिन्ही बाजू पूर्ण आकड्यांत येतील अशी काही त्रिकुटं आहेत: ३, ४, ५ किंवा ५, १२, १३. नाळ निमुळती करायची आहे असं समजा. मध्यरेषेपासून ५ घुंड्या दूर असलेल्या जागेतून फळी सुरू करा आणि तिचं दुसरं टोक १२ घुंड्या पुढे, मध्यरेषेवर आणा. फळीची लांबी १३ भरते आणि दोन्ही टोकं नेमकी घुंडीवर बसतात. सुमारे साडेबावीस अंशांचा हा कोन शिडाच्या जहाजाच्या नाळेला शोभून दिसतो. मोजताना एक गोष्ट सांभाळायची. अंतर घुंडीच्या केंद्रापासून केंद्रापर्यंत धरायचं, म्हणून १३ अंतराच्या फळीला १४ घुंड्या लागतात. ही एक घुंडी विसरली की सगळा हिशेब फसतो.

आणखी एक सूक्ष्म युक्ती आहे. दोन घुंड्यांच्या ठोकळ्याची लांबी हिशेबाने १६ मिलिमीटर असायला हवी, पण प्रत्यक्षात ती १५.८ असते. शेजारचे ठोकळे एकमेकांना घासू नयेत म्हणून ही ०.२ मिलिमीटरची फट मुद्दाम सोडलेली असते. एकाच घुंडीच्या जाडीची, छोट्या ठोकळ्यांची लांबलचक भिंत बांधली, तर प्रत्येक सांध्यातली ती फट थोडीथोडी वापरून अख्खी भिंत हलक्या हाताने वाकवता येते. एका सांध्यात डोळ्याला काही दिसत नाही, शंभर सांध्यांत मात्र चक्क कमान होते. जहाजाच्या लांब बाजूला येणारा मंद बाक असा काढता येतो. काही जाणकारांना ही युक्ती पटत नाही, कारण त्यात प्लास्टिकवर सतत ताण राहतो. माझं मत असं, की भिंत स्वतःहून जेवढी वाकते तेवढीच वाकवावी. जोर लावावा लागला तर थांबावं.

युद्धनौकेच्या बाजू पाण्याच्या रेषेपाशी रुंद आणि वर येताना आत का झुकतात, तेही बांधण्याआधी समजून घ्यायला हवं. जड तोफा वरच्या डेकवर ठेवल्या आणि त्या मध्यापासून फार दूर गेल्या, तर जहाज सहज कलंडेल. बाजू आत घेतल्या की तोफा मध्याकडे सरकतात. ठोकळ्यांच्या जहाजात तोफांचं वजन नगण्य असतं, तरी हा झुकाव ठेवायलाच हवा. तो नसेल तर शिडांखाली खोकं ठेवल्यासारखं दिसतं.

जहाजं गुटगुटीत का दिसतात?

ठोकळ्यांतला छोटा माणूस सुमारे ४ सेंटिमीटर उंच असतो. खरा माणूस १७० सेंटिमीटर धरला तर प्रमाण पडतं साधारण १:४२. आता ‘वासा’ घ्या. स्वीडनची ही ६४ तोफांची नौका १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच सफरीत स्टॉकहोमच्या बंदरात उलटून बुडाली, कारण तिचा वरचा भाग फार जड होता. १९६१ मध्ये ती वर काढली गेली. तिची लांबी पुढच्या तिरप्या काठीसकट ६९ मीटर आहे. ४२ ने भागलं तर १६४ सेंटिमीटर येतात. म्हणजे जहाज बांधणाऱ्याच्या उंचीएवढं! घरात ते ठेवणार कुठे?

म्हणून लांबी कमी केली जाते. पण रुंदी तेवढी कमी करता येत नाही, कारण छोटा माणूस उंचीच्या मानाने खूप रुंद असतो आणि त्याला डेकवर उभं राहायला, वळायला जागा लागते. लांबी घटली, रुंदी राहिली, की जहाज गुटगुटीत होतं. माणसं नकोत असं ठरवलं तर प्रमाण मोकळं होतं. २०२४ मध्ये आलेला अंटार्क्टिक संशोधक शॅकलटनच्या ‘एन्ड्युरन्स’ जहाजाचा ३,०११ तुकड्यांचा संच तसाच आहे. त्यात छोटी माणसं नाहीत, म्हणून जहाज सडपातळ आणि खऱ्यासारखं दिसतं.

दैत्याच्या देखाव्यात माझा कौल माणसांच्या बाजूने आहे. भीती दिसायला घाबरणारा कुणीतरी लागतो.

डोलकाठी आणि दोर

नवख्यांच्या जहाजाची डोलकाठी हमखास पडते. तीस-पस्तीस सेंटिमीटरची काठी डेकवर चार घुंड्यांनी बसवली आणि वरच्या टोकाला बोट लावलं, तरी खालचा सांधा उखडतो.

कारण असं की ठोकळा वरून येणारा दाब प्रचंड पेलतो, पण बाजूने उचकटायला लागलात तर लगेच हार मानतो. २०१२ मध्ये ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीत चार घुंड्यांचा ठोकळा यंत्रात घालून दाबला, तेव्हा तो सरासरी ४,२४० न्यूटन, म्हणजे सुमारे ४३२ किलो वजनाएवढा भार सोसून मग चपटा झाला. तोच ठोकळा उचकटायला लहान मुलाची दोन बोटं पुरतात.

खऱ्या जहाजांनी हा प्रश्न शतकांपूर्वी सोडवला होता. डोलकाठी डेकवर नुसती उभी केलेली नसते. ती डेकमधल्या भोकातून खाली जाते आणि थेट कण्यावर टेकते. शिवाय तिच्या माथ्यापासून दोन्ही बाजूंना आणि पुढे-मागे दोरखंड ताणलेले असतात. वाऱ्याने काठी एका बाजूला झुकू लागली की दुसऱ्या बाजूचा दोर ताणला जातो आणि तिला खेचून धरतो. बाजूने आलेल्या जोराचं रूपांतर काठीच्या अंगातून खाली जाणाऱ्या दाबात होतं. ठोकळ्यांच्या जहाजालाही हाच उपाय लागू पडतो, आणि अधिकच चांगला, कारण दाब सोसणं हीच तर ठोकळ्याची ताकद. काठीच्या पोटातून लांब दांडी ओवा, ती तळापर्यंत उतरवा, मग दोर बांधा. दोर शोभेसाठी असतात असं समजून ते शेवटी सैल बांधणारे खूप आहेत. ते आधी आणि ताणून बांधायला हवेत.

शिडं बहुतेक वेळा कापडाची असतात. घरी करायची झाली तर पातळ सुती कापड दाट खळीत बुडवून फुगलेल्या आकारावर वाळवलं की त्याला कायमचं पोट येतं.

हाडं नसलेला प्राणी, सांधे असलेला दैत्य

शिडाचं जहाज आणि त्याला गिळणारा क्राकन ही जोडी उत्तर समुद्रातली. क्राकनच्या दंतकथा नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या. बर्गनचे बिशप एरिक पॉन्टोपिडान यांनी १७५२-५३ मध्ये नॉर्वेच्या निसर्गावर ग्रंथ लिहिला, त्यात त्यांनी बेट वाटावं एवढ्या क्राकनचं वर्णन केलं आणि तो युरोपभर पोचला. १९व्या शतकाच्या सुरुवातीला पिएर देनी द मॉन्फोर या फ्रेंच निसर्गअभ्यासकाने तीन डोलकाठ्यांच्या जहाजाला वेढे घालणाऱ्या प्रचंड अष्टपादाचं चित्र छापलं. आजचे सगळे देखावे, ठोकळ्यांचे धरून, त्या चित्राचे वंशज आहेत.

कथेमागचा खरा प्राणी म्हणजे महाकाय स्क्विड. डॅनिश प्राणिशास्त्रज्ञ यापेटस स्टीनस्ट्रुप यांनी १८५७ मध्ये त्याला आर्किट्यूथिस हे शास्त्रीय नाव दिलं. त्यांच्या हाती होती जटलँडच्या किनाऱ्यावर वाहून आलेल्या एका स्क्विडची चोच. ज्या भूमीत पुढे हे ठोकळे जन्मले, त्याच भूमीवर दंतकथेतला दैत्य प्राणिशास्त्रात दाखल झाला. १२-१३ मीटर लांब, फुटबॉलएवढ्या डोळ्यांचा हा प्राणी समुद्रात जिवंत असताना कॅमेऱ्यात आला तो थेट २००४ मध्ये. जपानच्या ओगासावारा बेटांजवळ त्सुनेमी कुबोदेरा आणि क्योइची मोरी यांनी त्याची छायाचित्रं मिळवली.

स्क्विडचे किंवा अष्टपादाचे हात निव्वळ स्नायूंचे असतात. स्नायूचं आकारमान बदलत नाही, म्हणून एका दिशेने आकुंचन पावला की तो दुसऱ्या दिशेने लांबतो. हत्तीची सोंड आणि आपली जीभ याच तत्त्वावर हलते. ठोकळ्यांत स्नायू आणायचे कुठून? त्याऐवजी ओळीने अनेक उखळीचे सांधे लावतात. एका तुकड्याला गोळा, पुढच्याला खोबण. प्रत्येक सांधा थोडाच वळतो, पण दहा-बारा सांधे मिळून पूर्ण वेटोळं होतं.

आणि इथे वजन आडवं येतं. समजा, हात २० सेंटिमीटर लांब आणि ४० ग्रॅम वजनाचा आहे, आणि तो पाण्यातून आडवा बाहेर आला आहे. वजन त्याच्या मधोमध, म्हणजे मुळापासून १० सेंटिमीटरवर एकवटलं असं धरता येतं. मुळाच्या सांध्यावर पिळण्याचा जोर येतो ४० गुणिले १०, म्हणजे ४००. हात निम्मा केला तर वजन २० आणि अंतर ५, जोर फक्त १००. लांबी दुप्पट झाली की जोर चौपट होतो. जाडीही त्याच प्रमाणात वाढवली तर वजन आठपट, अंतर दुप्पट, म्हणजे जोर सोळापट! सांध्यातलं घर्षण मात्र तेवढंच राहतं. म्हणून मोठ्या दैत्याचे हात मान टाकतात, रात्री उभे केलेले सकाळी पाण्यावर पडलेले सापडतात.

उपाय तीन. हात टोकाकडे झपाट्याने निमुळता करायचा, म्हणजे वजन मुळाजवळ राहतं. मुळाशी उखळीच्या सांध्याऐवजी दातेरी, खटके देत वळणारी बिजागरी लावायची, ती घर्षणावर अवलंबून नसते. तिसरा उपाय सर्वांत देखणा. हाताला आधार द्यायचा, आणि तो आधार कथेतूनच घ्यायचा. पाण्यातून निघालेला हात कमान करून पुन्हा पाण्यात शिरला, तर त्याला दोन पाय मिळतात. तो डेकच्या कठड्यावर पडला किंवा डोलकाठीला वेढे घालून बसला, तर त्याचं वजन जहाज उचलतं. दैत्य जहाज धरतो असं पाहणाऱ्याला वाटतं, प्रत्यक्षात जहाजाने दैत्याला धरलेलं असतं. त्यासाठीच डोलकाठीचे दोर आधी ताणून घ्यायचे.

दैत्याचं धड पूर्ण दाखवू नये असं माझं ठाम मत आहे. पाण्यावर चार-पाच हात, एखादा डोळा, बाकी सगळं निळ्या पट्ट्यांखाली. जे दिसत नाही त्याची मापं पाहणारा स्वतः ठरवतो आणि ती नेहमी मोठीच ठरवतो. ठोकळेही वाचतात.

समुद्र आणि वारा

जहाजाचा पाण्याखालचा भाग बांधायची गरज नसते, पाण्याच्या रेषेवर तो कापलेला चालतो. समुद्र करताना खाली गडद निळा थर, त्यावर फिक्या निळ्याचे विखुरलेले तुकडे आणि सगळ्यांत वर पारदर्शक पट्ट्या, असं केलं तर प्रकाश आत शिरून परत येतो आणि खोली वाटते. पांढरा रंग फक्त जिथे काहीतरी पाणी फोडतं तिथे: नाळेपुढे, हात बाहेर येतो तिथे, लाटेच्या माथ्यावर.

जहाज सरळ उभं ठेवू नका. आठ घुंड्यांच्या रुंदीत एका बाजूला एक ठोकळा जास्त दिला की सुमारे साडेआठ अंशांचा कल येतो. एवढ्यानेही लढत सुरू असल्याचं दिसतं, आणि कल दैत्याच्या ओढीच्या दिशेला हवा.

वारा एकच आहे हेही विसरू नये. शिडं पुढे फुगली आहेत, म्हणजे वारा मागून येतो आहे. मग झेंडाही पुढच्याच दिशेने फडकायला हवा. अनेक सुंदर नमुन्यांत शिडं पुढे आणि झेंडा मागे असतो. गाडीवरचा झेंडा मागे उडताना पाहायची आपल्याला सवय असते म्हणून ही चूक होते. गाडी स्वतःच्या इंजिनाने वारा कापत जाते, शिडाचं जहाज वाऱ्यापेक्षा मंद गतीने वाऱ्याबरोबर जातं.

आपली गुराब बांधायला हवी

बाजारात मिळणारे संच युरोपातल्या जहाजांचे असतात, पण ठोकळ्यांना देश नसतो. कान्होजी आंग्र्यांच्या आरमारातली गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, उथळ पाण्यात चालणारी, लांब टोकदार नाळेची आणि नाळेवरून थेट पुढे तोफ डागणारी. गलबत त्याहून लहान, हलकं, शिडांबरोबर वल्हीही असलेलं. टोकदार नाळेसाठी ५, १२, १३ चा त्रिकोण आणि उथळ बुडासाठी थोडेच थर, म्हणजे नवख्यासाठीही हे जहाज युरोपीय युद्धनौकेपेक्षा सोपं आहे. दिवाळीत अंगणात मातीचे किल्ले करणारी मुलं आपल्याकडे घरोघर आहेत आणि त्यांतली कित्येक सिंधुदुर्ग किंवा खांदेरी करतात. यंदा त्यांच्या हाती घरातल्या ठोकळ्यांचा डबा द्या. तटाखालच्या पाण्यात त्यांना एक गुराब उभी करू द्या, आणि दैत्य हवाच असेल तर एका हाताने सुरुवात करायला सांगा.